पुलियापासून टाकीपर्यंत

तुमच्या आईने थोरलीसाठी केलेली यादी मला फोनवर वाचून दाखवली. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. कुठे राहतो ते सांगायचं नाही. अंधार पडल्यावर एकटीने चालायचं नाही. रस्त्यात कोणी मदत मागितली तर आधी लांब व्हायचं, मग विचार करायचा. यादी चांगली आहे. मी क्रम थोडा बदलला असता, एवढंच. शेवटी थोरलीने विचारलं, "आजी, तू नागपूरला एकटी शिकायला गेलीस तेव्हा तुला कोणी अशी यादी दिली होती का?" मी म्हटलं, लिहून पाठवते. त्याला महिना होऊन गेला. कागद घेऊन बसते आणि उठते. हात दुखतो असं मी सगळ्यांना सांगते, पण हात ठीक आहे.

यादी मलाही दिली होती, दोनदा. दोन्ही याद्या एकमेकींच्या उलट होत्या.

आमचं गाव मोहर्लीपासून दोन कोसांवर, जंगलाच्या आत. आता तिकडे लोक गाड्या भरभरून वाघ बघायला येतात. पन्नास सालाच्या आसपास वाघ बघण्याची कोणाला हौस नव्हती. तो दिसू नये एवढीच सगळ्यांची इच्छा असे. माझे वडील तिथल्या प्राथमिक शाळेचे मास्तर. गावातून मोटारीच्या रस्त्यापर्यंत पायवाट होती, सगळी बांबूच्या रानातून. वाट जिथे रानात शिरायची तिथे एक मोहाचं झाड होतं, आणि जिथे बाहेर पडायची तिथे दुसरं. नियम असा होता की एकट्याने आत शिरायचं नाही. झाडाखाली थांबायचं. दुसरं माणूस येईपर्यंत थांबायचं, मग तास लागो की अर्धा दिवस.

आलेलं माणूस कोणीही असो, त्याला एकच प्रश्न विचारायचा: "कुठवर?" नाव विचारायचं नाही. लहानपणी मी बाबांना कारण विचारलं होतं. ते म्हणाले, नाव विचारलं की जात कळते, आणि जात कळली की कोणीतरी चार हात लांबून चालायला लागतं. रानात चार हात लांबून चालणं परवडत नाही. गोंड असो, तलावावर जाळं टाकणारा ढिवर असो, बांगड्या विकायला निघालेली बाई असो, त्या वाटेवर ते फक्त 'सोबत' असायचे. आणि सोबतीला मागे टाकून पुढे निघून जाणं आमच्या गावात चोरीपेक्षा वाईट समजत.

दुसरा नियम, बोलत राहायचं, आणि मोठ्याने. माणसं येताहेत हे कळलं की जनावर आपणहून बाजूला होतं. मोठी माणसं धानाबद्दल, जावयांबद्दल बोलत. मला काही सुचत नसे म्हणून मी पाढे म्हणायची. मोहफुलं वेचून परत निघालेली एक म्हातारी एकदा बाबांना म्हणाली, "मास्तर, तुमची पोरगी एकोनतीसचा पाढा म्हनते तवा वाघच काय, भूतही जवळ येत नाई."

ही पहिली यादी.

चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, राहून मी मॅट्रिक झाले. पुढे बाबांनी मला नागपूरला कॉलेजात घातलं. आमच्या नात्यात ते कोणालाच पटलं नव्हतं. थोरल्या काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पाठवतोस तर पाठव. पण एक जरी वाकडी गोष्ट कानावर आली, तर पोरीला त्याच दिवशी परत आणायची आणि उन्हाळ्यात लग्न उरकायचं." बाबांनी मान हलवली होती. काकांचा शब्द आमच्या घरात शेवटचा असे, आणि बाबांनी मान हलवली म्हणजे ते पाळणार, हे मला माहीत होतं. म्हणून नागपुरात मी फार नीट वागत असे. पुस्तकांना खाकी कागद, वह्यांना समास, जेवणाच्या घंटेला पहिली हजर.

वसतिगृहाच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी दुसरी यादी वाचून दाखवली. ती जवळजवळ तुमच्या आईच्या यादीसारखीच होती, फक्त इंग्रजीत. मी ती वहीत उतरवून घेतली.

पण वाचनालय सहाला बंद होई, आणि दिवाळीनंतर सहाला अंधार पडे. इतर मुली पाचलाच घोळक्याने बाजारच्या रस्त्याने परत जात. मला वाचायला खोलीत जागा नव्हती, म्हणून मी मागे थांबत असे. वसतिगृहाचा जवळचा रस्ता एका नाल्यावरच्या पुलियावरून जायचा. पुलियाच्या पुढे बाभळींचं माळरान, मग पाण्याची उंच टाकी, आणि टाकीपाशी पुन्हा दिवे. मधला पट्टा दहा-बारा मिनिटांचा असेल. त्यात एकही दिवा नव्हता.

पहिल्या संध्याकाळी मी पुलियाशी आले आणि थांबले. पुढे अंधार होता, आणि अशा ठिकाणी थांबण्याखेरीज दुसरं काही करायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. कठड्याला हात लावून एक माणूस आधीच उभा होता. पन्नाशीचा, डोक्याला फडकं, शर्टावर कापसाचे तंतू, म्हणजे गिरणीतला. शेजारी सायकल. तोही कोणाची तरी वाट बघत होता. मला त्यात नवल वाटलं नाही. मोहाखाली माणसं अशीच उभी असतात.

मी विचारलं, "कुठवर?"

तो चमकला. माझ्याकडे तोंड केलं, पण नजर जरा बाजूला. "टाकीपर्यंत. काऊन?"

"मीही तिथपर्यंतच. सोबत होईल."

त्याने सायकल हातात घेतली. मग म्हणाला, "चला मंग. पन बोलत चला, बाई."

बोलत चला! नागपुरात आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी आमच्याकडचं वाक्य बोललं होतं. हा वैनगंगेच्या काठचा, ब्रह्मपुरीकडचा कुठला तरी असणार, याला रानाची रीत माहीत आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. नाव अर्थातच विचारलं नाही.

पाढे म्हणायचं माझं वय गेलं होतं, म्हणून त्या दिवशी वाचलेला इतिहास मी मोठ्याने सांगायला लागले. दुसऱ्या दिवशी तो पुलियाशी होताच. असं रोज होऊ लागलं. मी पुढे, तो सायकल हातात धरून दोन पावलं मागे. सायकल असून बसत का नाही, हे मी एकदा विचारलं. "घाई कोनाले हाय?" एवढंच तो म्हणाला. मी मध्येच गप्प झाले, की तोही जागच्या जागी थांबे आणि म्हणे, "बोला ना बाई, काऊन थांबल्या?" मला वाटे, याला इतिहासाची गोडी लागली. मी जास्तच रंगवून सांगत असे.

फ्रान्सच्या राजावर आम्हाला मोठा धडा होता. प्रजा बिथरल्यावर तो राजा वेश बदलून, बायकोमुलांना घेऊन, मोठ्या घोडागाडीतून राजधानीतून पळाला. ते ऐकून माझा सोबती हसला.

"पळून राह्यला, आन् एवढी मोठी गाडी? संग मानसं किती?"

"बायको, बहीण, मुलं, मुलांना सांभाळणारी बाई. जेवणाचं सामानही होतं."

"मंग तो पळत नाई, वरातीत चालला," तो म्हणाला. "आन् वेश बदलून का होते? मानूस चालीवरून ओळखू येते. तुमीच घ्या. शंभर बाया चालून राह्यल्या तरी तुमची चप्पल मले वेगळी ऐकू येते. डाव्या पायाची जरा घासते."

खरंच घासत होती. डाव्या चपलेचा पट्टा सैल होता.

राजा पकडला जातो की नाही, हे मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं. गोष्ट अर्धी ठेवायची मला तेव्हा सवय होती. दुसऱ्या दिवशी दुपारीच मॅडमनी मला खोलीत बोलावून घेतलं.

कोणीतरी आम्हाला पाहिलं होतं. आम्ही काही लपत नव्हतो. मी तर सगळ्या माळावर ऐकू जाईल असं बोलत असे. मॅडम वाईट नव्हत्या. दमलेल्या होत्या. टेबलावर हजेरीचं पुस्तक, शेजारी डोकेदुखीचा बाम.

"हा माणूस कोण?"

"माहीत नाही."

"नाव काय त्याचं?"

"मी विचारलेलं नाही."

"किती दिवस त्याच्याबरोबर येतेस?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज."

त्यांनी चष्मा काढला. "दोन महिने एका माणसाबरोबर अंधारातून चालतेस आणि त्याचं नाव तुला माहीत नाही? मुली, खोटं तरी बरं बोलावं."

मी मोहाच्या झाडाचं सांगायला लागले. जसजशी सांगत गेले तसतसं ते त्या खोलीत मलाच खुळ्यासारखं वाटू लागलं. आमच्या वाटेवर नाव न विचारणं ही सभ्यता होती. इथे तोच माझ्याविरुद्धचा पुरावा झाला होता. मॅडम म्हणाल्या, "मला चाळीस मुलींच्या चाळीस बापांना उत्तर द्यायचं असतं. तुझ्या वडिलांना पत्र टाकते. ते येईपर्यंत बाहेर पडायचं नाही."

बाबा चौथ्या दिवशी आले. अंगावर शाळेचा काळा कोट, पायाला वाटेची धूळ. भेटीच्या खोलीत त्यांनी मॅडमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे सोबतीला नाव विचारत नाहीत, बाई."

"हे तुमचं जंगल नाही, मास्तर."

"तेही खरंच," बाबा म्हणाले.

मॅडमनी दोन दिवस दिले. तो माणूस कोण, माझ्याबरोबर रोज का चालतो, याचा समाधान होईल असा खुलासा झाला पाहिजे. नाहीतर नाव कमी होईल. त्या संध्याकाळी बाबा मला घेऊन पुलियाशी गेले. तो कठड्याला हात लावून उभा होता. चार दिवस मी गेले नव्हते.

बाबांनी रीतीने विचारलं, "राम राम भाऊ. कुठवर?"

"टाकीपर्यंत. तुमी बाईचे वडील दिसता."

"कसं ओळखलं?"

"पाय तसाच टाकता. बाई हाय का संग? चार रोज झाले, आवाज नाई."

मी बाबांच्या शेजारीच उभी होते, हातभर अंतरावर.

तेव्हा मला कळलं. नाही, आधी बाबांना कळलं. त्यांनी त्याचा हात धरला आणि चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "केव्हापासून दिसत नाही, भाऊ?"

"दिवसा सगळं दिसते. सूर्य बुडला का आंधार. दोनक वर्ष झाले. मधी मधी बरं वाटते, हिवाळ्यात पुन्हा येते." त्याने मान बाबांकडे वळवली. "गिरनीत कोनाले म्हाईत नाई. सांगतलं त उद्याच काढून टाकतीन. घरून न्यायले येनारं कोनी नाई. म्हनून पुलियापर्यंत दुकानाच्या उजेडात येतो आन् तिथी उभा राह्यतो. कोनी बोलत चाललं का त्याच्या मांगं मांगं जातो. लोकं बोलत नाईत हो इथी. बाई बोलत होती."

दोन महिने मी समजत होते की तो मला सोबत देतो आहे.

बाबांनी त्याला माझ्यावर आलेली गोष्ट सांगितली.  टाकीच्या दिव्याखाली आल्यावर तो म्हणाला, "सांगा तुमच्या मॅडमले, तो मानूस आंधया हाय म्हनून. मंग पोरीले कोन काय म्हनन? मी येतो पाह्यजे त." आणि लगेच, अगदी हळू, "पन गिरनीत नका जाऊ देऊ, मास्तर."

मॅडमच्या घरी गिरणीतल्या साहेबांचं जाणं-येणं होतं. वसतिगृहात सगळ्यांना ते माहीत होतं. बाबांना मीच सांगितलं.

बाबा त्या रात्री धर्मशाळेत उतरले. सकाळी आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी एकच वाक्य तयार करून आणलं होतं. मी लेखी द्यायचं, की मी या माणसाला ओळखत नाही, तो कोण हे मला ठाऊक नाही, मी अजाणता चूक केली, पुढे त्याच्याशी कधीही बोलणार नाही. "यात खोटं काही नाही," ते म्हणाले. "त्याचं काम जाणार नाही, तुझं कॉलेजही राहील."

मी ते चांगल्या इंग्रजीत लिहिलं. समास सोडून, खाली तारीख घालून. माझं पत्र नेहमीच नीट असे. मॅडमनी ते दोनदा वाचलं, बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खणात ठेवलं. ठरलं की रोज सहाला वसतिगृहाचा चौकीदार मला आणायला येईल, आणि वाटेत मी कोणाशी बोलले तर ते मॅडमना कळवेल. बाबा अकराच्या मोटारीने परत गेले.

सगळ्यांचं सगळं राहिलं होतं. फक्त मी आता येणार नाही, हे त्याला सांगायचं राहून गेलं. बाबांना वाटलं मी सांगेन, आणि मला वाटलं, आदल्या संध्याकाळी मला सोडून परतताना बाबा त्याला सांगून गेले. खरं म्हणजे आदल्या संध्याकाळी आम्हालाच माहीत नव्हतं.

सहाला चौकीदार कंदील घेऊन आला. तो मुळात कमी बोलणारा माणूस. पुलिया दिसू लागली तेव्हा कठड्याशी सायकलची चकाकी दिसली. मी थांबले, वाकले आणि दोन्ही चपला काढून हातात घेतल्या. चौकीदाराने कंदील वर करून पाहिलं. मी म्हटलं, "पट्टा तुटला."

अनवाणी मी पुलियाच्या दुसऱ्या कडेने गेले. तो मान जरा तिरकी करून ऐकत होता. त्याला चौकीदाराचे बूट ऐकू आले असतील. आणखी काहीतरी ऐकू आलं असावं, कारण आम्ही जवळून जाताना त्याने विचारलं, "बाई, तुमी हाय का?"

मी श्वास रोखून तशीच चालत राहिले.

"राजा सापडला का मंग?"

चौकीदार म्हणाला, "कोण राजा? चल, हट बाजूला." आम्ही पुढे गेलो. माळावर खडे होते, पायाला टोचत होते. मी मागे पाहिलं नाही. मागून सायकलच्या चाकाचा आवाज आला नाही, म्हणजे तो आमच्या मागे निघाला नव्हता. चौकीदार बोलत नव्हता आणि मीही नव्हते. त्याने कशाच्या मागे यायचं?

दुसऱ्या दिवशी तो पुलियाशी नव्हता. नंतरही कधी दिसला नाही. टाकीपाशी चहाच्या दुकानात विचारता आलं असतं. पण काय विचारणार? नाव माहीत नव्हतं. आणि मी लेखी दिलं होतं.

त्याचं पुढे काय झालं, हे मला खरंच ठाऊक नाही. वाईटच झालं असेल असं नाही. कोणी दुसरं बोलणारं भेटलं असेल. पुढे मी ब्रह्मपुरीला शाळेत शिकवू लागले, तेव्हा आरोग्याच्या पुस्तकात एक पान होतं: रातांधळेपणा, पुष्कळदा हिरव्या पालेभाज्या आणि माशाच्या तेलाने बरा होतो. ते पान मी दरवर्षी शिकवलं. वर्गातल्या निम्म्या मुली तलावाकाठच्या घरातून आलेल्या, त्यांच्या दारात मासे वाळत. आम्ही कॉलेजात राजांचे इतिहास वाचत होतो, आणि शेजारच्या वर्गात हे शिकवत असणार.

त्या उन्हाळ्यात मी घरी गेले. मोटारीतून उतरून बाबा आणि मी मोहाच्या झाडाशी आलो. सोबत असली तरी झाडाखाली थोडं थांबायची त्यांची पद्धत होती, कोणी मागून येत असेल तर. थोड्या वेळाने खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला एक माणूस आला. बाबांनी विचारलं, कुठवर. त्याने पुढच्या पाड्याचं नाव सांगितलं. आम्ही निघालो. तो पुढे, बाबा मागे, मी मधे. बाबा शाळेच्या छपराबद्दल बोलत होते. त्यांचा आवाज लवकर बसला. त्या वर्षी त्यांना खोकला होता.

"बोल," ते मला म्हणाले.

मला तोंड उघडेना.

"बोल पोरी, रान आहे."

मग मी सांगायला लागले, की तो राजा गाडीतून रात्रभर गेला, पुढे एका चौकीवरच्या माणसाने त्याला चेहऱ्यावरून ओळखलं, आणि पुढच्या गावी पुलाजवळ गाडी अडवली. सापडला राजा. मी ते फार मोठ्याने सांगितलं. कुऱ्हाडवाला चालता चालता वळला.

"कोन राजा, मास्तर?"

"तू चाल," बाबा म्हणाले. "ती दुसऱ्याला सांगते आहे."

आम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. डिग्री मिळाली, नोकरी मिळाली, काकांनी स्वतः पेढे वाटले. तुमची आई शिकली, तुम्ही शिकलात. ते सगळं त्या नीट लिहिलेल्या पत्रावर उभं आहे, आणि मी ते पत्र आजही पुन्हा लिहीन, याची मला लाज वाटायला हवी तेवढी वाटत नाही. वय झालं की लाजही दमते.

तर थोरले, यादी जवळ ठेव. तुझ्या आईचं बरोबर आहे. शहरात मोहाचं झाड नसतं. पण संध्याकाळी कोणी कठड्याला हात लावून उभं दिसलं, आणि तुला थांबता येणार नसेल, तर तेवढं तरी त्याला सांग. मी आज येणार नाही म्हणून. लांबूनच सांग. चपला पायात ठेव.